धाव, हवा आणि ओझे

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता सावनेरला येऊन दुभंगतो. डावीकडचा फाटा, म्हणजे ४७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, बडचिचोलीवरून पांढुर्ण्याला जातो व तिथून सातपुड्याचा चढ चढून मुलताई-बैतूलची वाट धरतो, तर उजवीकडचा ५४७ क्रमांकाचा महामार्ग सौसर आणि रामाकोना मागे टाकत सिलेवानीच्या घाटातून छिंदवाड्याला पोचतो. या दोन फाट्यांवरच्या पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा मिळून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा असा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, पाट्या हिंदी, आणि घरातली, बाजारातली, भांडणातली भाषा मात्र मराठी, अशी या मुलखाची ठेवण आहे. संत्री, कापूस आणि मँगनीज ही इथली तीन ठळक ओझी असून बागेपासून, शेतापासून किंवा खाणीपासून निदान पहिला टप्पा तरी ती तिन्ही रबरी टायरवरूनच पार करतात. त्यामुळे एक टायर किती वजन पेलतो आणि कुठवर विश्वासाला उतरतो, हा या वाटेवरच्या चहाच्या टपरीवरचा रोजचा विषय आहे.

सावनेरच्या बाहेर पडताच दुतर्फा टायरवाल्यांची दुकाने सुरू होतात. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, एक हवेची टाकी आणि दर्शनी भागी खांबाला अडकवलेला जुना टायर, ज्याच्यावर चुन्याने ‘हवा’ एवढेच लिहिलेले असते. आत ट्यूब बुडवून पाहायचा पाण्याचा हौद, पाने, टॉमी म्हणजे टायर रिंगवरून उचकटायची लोखंडी पहार, आणि व्हॉल्वच्या टोप्यांनी भरलेला एक डबा. कानावर पडणारी भाषा तंत्रज्ञानाच्या पुस्तकातली नसते, परंतु अचूक असते: हवा ‘पाउंडा’त मोजली जाते, बाजूच्या भिंतीवर आलेल्या फुगवट्याला ‘गाठ’ म्हणतात, कापलेल्या जागेला आतून जे जाड ठिगळ लावतात त्याला ‘गेटर’, आणि झिजलेल्या टायरवर नवा रबरी थर चढवून घेतला की तो ‘रिमोल्ड’ होतो. गिऱ्हाइकाला आधी बसायला जुना टायरच पुढे सरकवला जातो, आणि तो बसल्याशिवाय कामाची बोली होत नाही. पुण्याकडच्या गॅरेजात ज्या तऱ्हेने आधी दर सांगून मग गाडीकडे पाहिले जाते, तिच्या हे नेमके उलटे आहे.

टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे हा एक प्रकारचा करारनामाच असतो, मात्र तो वाचणारे थोडे. ट्रकच्या १०.०० आर २० या मापाच्या टायरवर पुष्कळदा ‘१४६/१४३ के’ असा मजकूर आढळतो. यातला पहिला आकडा भारांक होय. भारांक म्हणजे किलोग्रॅम नव्हेत, तर एका ठरलेल्या कोष्टकातला अनुक्रमांक, आणि त्या कोष्टकात १४६ च्या समोर ३,००० किलो लिहिलेले असते. दुसरा आकडा, १४३, हा दोन टायर जोडीने एकाच बाजूला बसवले असता त्यांतल्या प्रत्येकाने उचलायच्या वजनाचा असून तो २,७२५ किलोचा आहे. जोडीत असताना प्रत्येकाची क्षमता कमी धरण्याचे कारण असे की रस्ता कधीच सपाट नसतो, दोन्ही टायरांची हवा आणि झीज तंतोतंत सारखी नसते, आणि म्हणून जोडीतला एक नेहमीच थोडे जास्त ओझे सोसत असतो. ‘के’ हे वेगाचे अक्षर, ताशी ११० किलोमीटरपर्यंतचे. शेवटी चार आकड्यांचा एक शिक्का असतो, ज्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. टायरची ही जन्मतारीख पाहून माल घेणारे शेतकरी या वाटेवर विरळा, बहुतेकांची नजर बटणांवर, म्हणजे नक्षीच्या उंचवट्यांवर, असते.

या करारातली एक मेख हिशेब मांडल्यावरच दिसते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या आसावरील वजनमर्यादा वाढवली, आणि चार टायरांच्या एका आसाला पूर्वी जे १०.२ टन चालत होते ते ११.५ टन झाले. उपरोक्त टायर चार लावले तर त्यांची मिळून क्षमता १०,९०० किलो होते. म्हणजे जुन्या मर्यादेत टायरजवळ सातशे किलोंची शिल्लक होती, आणि नव्या मर्यादेत सहाशे किलोंची तूट आली. कायदा एका रात्रीत बदलला, टायर मात्र तोच राहिला. अर्थात वेग कमी ठेवल्यास टायर कोष्टकापेक्षा थोडे अधिक उचलू शकतो, आणि जास्त भारांकाचे टायरही बाजारात मिळतात. तरीही कायद्याने चालणारे वजन आणि टायरला झेपणारे वजन ही दोन निरनिराळी माणसे आहेत, आणि धर्मकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलायच्या भुईकाट्यावर, त्यांपैकी एकाचीच साक्ष काढली जाते.

सावनेर मागे पडल्यावर राज्याची हद्द येते ती पाटीवरून कळते, माणसांवरून कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा, बैतूल हे नव्या मध्य प्रदेशात राहिले. पण पांढुर्णा, सौसर, मुलताई या भागांतल्या मराठीने त्या रेषेची फारशी दखल घेतली नाही. इथला माणूस ‘जातो आहे’ न म्हणता ‘जाऊन राहिलो’ म्हणतो, ‘का’ च्या जागी ‘काहून’ विचारतो, बटाट्याला आलू आणि कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि हिंदीत अर्ज लिहून झाल्यावर तो मराठीत वाचून दाखवतो. सकाळच्या टपरीवर पोह्यांवर लाल तर्री ओतली जाते, तीही विचारून नव्हे. पुण्याच्या पोह्यांवरचे ओले खोबरे इथे मागितले तर टपरीवाला सौजन्याने हसतो आणि तर्रीचा आणखी एक पळा वाढतो. महाराष्ट्रात परगावच्या माणसाला रस्ता सांगताना ‘एसटी पकडा’ म्हटले जाते, पण मध्य प्रदेशाचे स्वतःचे राज्य परिवहन दोन दशकांपूर्वीच गुंडाळले गेल्याने इथल्या गाववाटांवर खासगी गाड्यांचे राज्य आहे, आणि त्यांच्या टपावर माणसांच्या बरोबरीने पोती, सायकली व क्वचित बकऱ्याही चढतात. अशा गाडीचे वजन कोणी मोजत नाही. ती ‘भरली’ की निघते.

पांढुर्ण्याचा हिवाळा संत्र्यांच्या वासाने ओळखावा. पावसाळा सरल्यावर हाती येणारा तो आंबिया बहार, आणि होळीच्या आगेमागे येणारा तो मृग बहार. झाडाला पाणी तोडून ताण देणे आणि मग पुन्हा पाणी सोडून फुलोरा आणणे या कसबाने एकाच झाडाकडून हवा तो बहार घेतला जातो. बागेत तोडे चालू असताना झाडाखाली ढीग पडतो, बायका फळे आकारानुसार निवडतात, डाग पडलेले बाजूला काढतात, आणि उरलेला माल प्लास्टिकच्या कॅरेटमधून ट्रॉलीत व ट्रॉलीतून ट्रकमध्ये चढतो. व्यापाऱ्याचा सगळा हिशेब टनावर चालतो, ड्रायव्हरचा हिशेब कॅरेटांच्या थरांवर. ‘सहा थर’ म्हटले की त्याला गाडीचे कमानपाटे किती बसतील हे डोळ्यासमोर दिसते. नवख्याला संत्रे हलके वाटते, परंतु फळाचा बहुतांश भाग पाणीच असल्याने भरलेला ट्रक हा जवळजवळ पाण्याच्या टाकीइतकाच निष्ठुर असतो, आणि शिवाय माल नाशवंत असल्याने तो थांबूही शकत नाही. दिल्लीची बाजू असो वा दक्षिणेची, माल सडायच्या आत पोचवायचा म्हणून गाडी दुपारच्या उन्हातही पळवावी लागते. म्हणजे ओझे, वेग आणि उष्णता हे टायरचे तिन्ही वैरी एकाच फेरीत एकत्र येतात.

या तिघांचे नाते थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे तो दबतो आणि पुढे सरकताच पुन्हा फुगतो; दर फेऱ्याला होणाऱ्या या दबण्या-फुगण्यात रबराने घेतलेली सगळी शक्ती परत मिळत नाही, तिचा काही हिस्सा उष्णता होऊन आतच मुरतो. हवा कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर टायर अधिक दबतो, अधिक तापतो, आणि रबर व आतल्या दोऱ्या वा तारा यांना जोडून ठेवणारी पकड सैल होऊ लागते. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, जेव्हा या भागातला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा डांबर स्वतःच तव्यासारखे असते आणि तापलेल्या टायरला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. सकाळी थंड असताना ११० पाउंड भरलेली हवा टायर चाळीस अंशांनी तापल्यावर १२५ च्या पुढे दिसते, आणि हे पाहून घाबरलेला नवशिका ती सोडून देतो. गाडी थंडावल्यावर तीच हवा कमी पडते व दुसऱ्या दिवशी टायर आणखी तापतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. टायर फुटतो तो जास्त हवेने, हा समज पांढुर्ण्यात जितका पक्का आहे तितकाच तो पुण्यात आणि नाशकातही आहे. वस्तुतः रस्त्यावर फुटणाऱ्या टायरांचा माग काढला तर वाट बहुधा कमी हवेकडेच जाते.

गावाच्या अंगाने जाम नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर सावरगाव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांची माणसे एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार दूरवर ठाऊक आहे आणि तिने जितके लेख लिहवले तितके या गावाच्या दुसऱ्या कशानेही लिहवले नाहीत. म्हणून तिच्याविषयी इथे एवढेच, की त्याच दिवशी हद्दीच्या अलीकडे नागपुरात तान्हा पोळा असतो आणि मुले चाकांवरचे लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा मागत फिरतात. एकाच सणाची ही दोन टोके एका सकाळच्या अंतरावर आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवसांत मात्र दोन्हीकडे सारखेच दृश्य दिसते: बैलांच्या शिंगांना रंग, बंडीला धुणे-पुसणे, आणि कण्याला वंगण.

बंडी, म्हणजे विदर्भातली मालाची बैलगाडी, हिच्या लाकडी चाकाला पूर्वी जी लोखंडी कडी असे तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात, आणि टायर या शब्दाला आपल्या भाषेत अस्सल प्रतिशब्द हवा असेल तर तो हाच. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आरे जिथे येऊन मिळतात त्या वक्र लाकडी पुठ्ठ्या, आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी धाव, अशी त्या चाकाची रचना. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केली जाई. गोवऱ्यांचा गोल जाळ करून त्यात ती लालसर होईपर्यंत तापवायची. पंधरा फूट घेराची कडी पाचशेएक अंश तापली की सुमारे इंचभर वाढते, तेवढ्यात चौघांनी सांडशीने उचलून ती चाकावर बसवायची, घणाचे दोन-चार ठोके द्यायचे, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाण्याच्या घागरी रिकाम्या करायच्या. वाफेचा लोट उठतो, कडी आकसते, आणि प्रत्येक आरा आपापल्या खाचेत करकरत घट्ट बसतो. खिळा नाही, सरस नाही; केवळ थंड होण्याच्या धर्मावर ते चाक वर्षानुवर्षे एकसंध राही. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सैल पडे, म्हणून बंडी ओढ्यात उभी करून चाके भिजवली जात. विश्वासार्हतेची चाचणी तेव्हाही कानानेच होई, कारण घट्ट चाक वाजते आणि ढिले चाक बदबदते.

धावेचा दोष असा की ती रस्त्याला कापते. दोन बोटे रुंदीच्या लोखंडावर सगळे ओझे आल्याने काळ्या मातीत तिची खोल चाकोरी पडते, आणि पहिल्या पावसानंतर त्या चाकोरीत फसलेली बंडी काढणे हे बैलांच्या जिवावर येते. रबरी टायरने नेमकी हीच अडचण दूर केली. १८४५ साली रॉबर्ट टॉमसनने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले ते विसरले गेले, १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलपने ती कल्पना नव्याने उभी केली, आणि १९३६ पासून हुगळीकाठच्या साहागंजच्या कारखान्यातून देशी टायर बाहेर पडू लागले. बैलगाडीसाठी खास टायर निघाले तेव्हा कंपनीचे नाव गाडीलाच चिकटले आणि जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘डनलपची बंडी’ झाली. इथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते: ओझे उचलते ती हवा, रबर नव्हे. टायर ही त्या हवेची केवळ पिशवी होय. २,७२५ किलो वजन आठ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाच्या हवेवर तोलले, तर जमिनीला टेकणारी जागा साधारण ३४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शाळकरी वहीच्या एका पानाएवढी होते. दहा टायरांचा ट्रक म्हणजे रस्त्यावर ठेवलेली वहीची दहा पाने, एवढाच त्याचा आणि पृथ्वीचा संबंध.

पांढुर्ण्याहून सौसरकडे जाणारा रस्ता कापसाच्या आणि संत्र्याच्या शिवारांतून जातो. मार्गशीर्षात वेचणी चालू असते, आणि जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या दुरून पांढऱ्या डोंगरासारख्या दिसतात; दोन्ही बाजूंनी बांबू बांधून, वर जाळी ताणून, ट्रॉलीच्या दीडपट रुंदीचा कापूस चढवलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर एक-दोन माणसे पाय पसरून निजलेली असतात. या ओझ्याला आकार फार आणि वजन कमी. टायरला त्याचे काही वाटत नाही, वाटते ते मागून येणाऱ्याला, कारण त्याला पुढचे काहीच दिसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावून ऊस नेतात, आणि तोडणी मजुरांच्या टोळ्यांतही बैलांच्या रबरी गाडीवाल्यांना ‘टायर सेंटर’ असेच नाव पडले आहे. तिथे ओझे कारखान्याच्या काट्यावर मोजले जाते व पैसे त्यावरच ठरतात. इकडच्या कापसाच्या ट्रॉलीत मात्र ढीग नजरेने पाहायचा आणि ‘होईन वीसेक क्विंटल’ असे अंदाजाने बोलायचे, ही रीत अजून टिकून आहे.

ट्रॉलीचे टायर मुळात ट्रॉलीचे नसतात, हे थोडे वाकून पाहिल्यास उमगते. ट्रकने आपल्या पुढच्या चाकावर वापरलेला टायर झिजला की मागे जातो, मागे झिजला की त्यावर नवा थर चढतो, तोही संपला की तो ‘उतरलेला माल’ म्हणून विकला जाऊन ट्रॉलीला लागतो. ट्रॉलीनंतर बंडी, बंडीनंतर चपलेचा तळ, विहिरीवरची बादली, गोठ्यातली गव्हाण किंवा छपरावरच्या ताडपत्रीवर ठेवायचे वजन. एवढे जन्म ज्या वस्तूला घ्यावे लागतात तिची क्षमता तिच्या अंगावर कोरलेल्या आकड्याने सांगता येत नाही. भारांक हा नव्या टायरचा, पुऱ्या हवेचा आणि ठरलेल्या वेगाचा असतो. चौथ्या जन्मातल्या टायरवर तो आकडा जसाच्या तसा दिसतो, पण त्याचे बळ उरलेले नसते.

याला समांतर असे एक दूरचे उदाहरण आहे. अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायची फिरती घरे असतात, आणि त्यांच्या टायरांवर ‘एसटी’ ही अक्षरे असतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यांनी लाल डबा आठवेल, पण तिथे त्यांचा अर्थ खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर असा आहे. ‘एसटी २२५/७५ आर १५’ या मापाचा दहा पदरी बळाचा टायर ८० पाउंड हवेवर २,८३० पौंड, म्हणजे सुमारे १,२८४ किलो पेलतो, आणि अशा टायरांची जुनी वेगमर्यादा ताशी ६५ मैलांची होती. त्या घरांच्या टायरांची मोठी तक्रार झिजण्याची नसून उभ्या-उभ्या म्हातारे होण्याची असते. घर वर्षातले दहा महिने अंगणात उभे. रबरात मिसळलेले मेण आणि रसायने टायर फिरत राहिला तरच पृष्ठभागाशी येऊन हवेतल्या ओझोनपासून त्याचे रक्षण करतात, टायर थांबला की ते थांबते, आणि उन्हाकडच्या बाजूला बारीक भेगा पडू लागतात. मग सुटीत तेच घर काठोकाठ भरून महामार्गावर निघते. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला हे परके वाटायचे कारण नाही. त्याचीही ट्रॉली फाल्गुनापासून मृगापर्यंत बाभळीखाली वा उघड्यावर उभी असते, बटणे जेमतेम झिजलेली, भिंतीवर भेगांचे जाळे, आणि पेरणीला खताची पहिली खेप घेऊन ती निघते तीच मुळी दीडपट भरून. त्यातले शहाणे शेतकरी ट्रॉलीखाली चार दगड रचून चाके अधांतरी ठेवतात व टायरांवर जुनी पोती टाकतात, आणि अमेरिकेतल्या माहीतगारांचा सल्लाही याहून फार निराळा नसतो.

सौसर हे पांढुर्ण्यापेक्षा शांत गाव आहे, निदान बाजाराचा दिवस सोडून. या गावाचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, याची जाणीव मात्र बाजारात कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. इथल्या अतिप्राचीन, मँगनीजधारी खडकांच्या मालिकेला ‘सौसर समूह’ म्हणतात, आणि त्यातल्या एका खडकाला लुइस फर्मोर या शास्त्रज्ञाने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा त्याचा ग्रंथ १९०९ सालचा. तालुक्यातली गोवारी वाढोणा ही खाण आजही मँगनीज देते. हे खनिज पाण्याच्या चौपट-पाचपट जड असते, आणि कापसाच्या ट्रॉलीनंतर खनिजाचा ट्रक पाहिला की डोळ्यांची फसगत होते: फळीच्या वर काहीही दिसत नाही, तळाशी गुडघाभर काळा ढिगारा, आणि तरी टायरांची पोटे रस्त्याला टेकत आलेली. ज्याला ढीग पाहून ओझे सांगायची सवय आहे त्याने एकदा सौसरला उभे राहून पाहावे. इथले जुने ड्रायव्हर गाडी किती भरली हे कधीच वर पाहून सांगत नाहीत. ते खाली, टायरच्या पोटाकडे पाहतात.

सौसरजवळच जाम सावळीचा हनुमान आहे, निद्रिस्त रूपातला, आणि स्वतंत्र पांढुर्णा जिल्ह्याची घोषणाही २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच कार्यक्रमात झाली. नवी गाडी घेतली की ती या परिसरात आधी इथे आणायची, चारही चाकांखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा, टायरावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, अशी वहिवाट आहे. शनिवारी गर्दी मोठी असते. रोडग्यांचा स्वयंपाक हा विदर्भासारखाच इकडचाही नवसाचा स्वयंपाक. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरची राख झटकायची, फोडून त्यात तूप सोडायचे आणि झणझणीत वांग्याच्या भाजीबरोबर पत्रावळीवर वाढायचे. ओळखदेख नसलेल्या वाटसरूलाही ‘बसा ना भाऊ, जेवून जा’ असा आग्रह होतो, आणि तो औपचारिक नसतो, कारण नाही म्हणणाऱ्याच्या हातात पत्रावळ आधीच आलेली असते. आराच्या त्याच गोल रचनेत कधीकाळी धाव तापत असे, हे जेवताना आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे कन्हानकाठचे रामाकोना, आणि मग सिलेवानीचा घाट. सागवानाची दाटी वाढते, वळणे आखडतात, आणि वरून, परासिया-जुन्नारदेवकडच्या कोळसापट्ट्यातून आलेले ट्रक इंजिनाचा घरघराट करत उतरू लागतात. उतारावर ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतात, ती उष्णता रिंगेत आणि रिंगेतून टायरच्या कडांत उतरते, म्हणून घाट संपला की जाणता ड्रायव्हर गाडी कडेला घेतो. क्लीनर खाली उडी मारून मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावतो आणि टॉमी हातात घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालू लागतो. प्रत्येक टायरवर एक ठोका. पूर्ण हवेचा टायर टणक, उसळता आवाज देतो, टॉमी हातात उलटी येते. हवा गेलेला टायर ‘धप्प’ म्हणतो आणि टॉमी तिथेच बसते. जोडीतल्या आतल्या टायरसाठी तर दुसरी परीक्षाच नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि बाहेरचा टायर त्याचे ओझे मुकाट्याने उचलत असल्याने गाडी तिरपीही होत नाही. मात्र ३,००० किलोच्या बाहेरच्या टायरवर तेव्हा जोडीचे साडेपाच हजारांच्या घरातले वजन आलेले असते.

अशाच एका दहाचाकी ट्रकच्या नऊ टायरांनी खणखणीत जबाब दिला आणि दहाव्याने दिला नाही. पोरगेल्या क्लीनरने पुन्हा ठोकून पाहिले, मग बाहेरच्या टायरला हात लावून चटकन मागे घेतला आणि सवयीने व्हॉल्वकडे वाकला, तशी वरून हाक आली, ‘सोडू नको रे हवा, थंडा होऊ दे पहिले.’ ड्रायव्हर खाली उतरला, सावली पाहून बसला, तंबाखू मळली. अर्ध्या घटकेने जॅक लागला, बाहेरचे चाक निघाले, आणि आतला टायर दिसला तो पार बसलेला, भिंतीवर गोल फिरलेली एक काळी चिरडलेली रेघ आणि नक्षीत रुतून बसलेला बोटभर लांब गोटा. गोटा टॉमीने उचकटून दरीत भिरकावला गेला, स्टेपनी चढली, नट एकाआड एक आवळून झाले. क्लीनर केबिनमध्ये चढू लागला, तेव्हा ड्रायव्हरने नुसतीच मान मागे वळवली. पोरगा पुन्हा खाली उतरला, चाकांखाली लावलेले दोन्ही दगड एकेक करून उचलून रस्त्याच्या कडेला, सागाच्या बुंध्याशी ठेवून आला, आणि मग गाडी हलली.